जहाजावर हेल्मेट: पट्टा लावला नाही तर ते डोक्यावर नाहीच

जहाजावर जॉईन झालं की स्टोअरमधून किट मिळतं, बॉयलर सूट, सेफ्टी शूज, ग्लोव्ह्ज, गॉगल आणि हेल्मेट. शूज सगळे घालून चालून बघतात, बॉयलर सूट तंग झाला तर लगेच बदलून घेतात, हेल्मेट मात्र नीट बसतंय का ते कुणी बघत नाही, उचलायचं आणि केबिनच्या हुकाला लटकवायचं. दुसऱ्या दिवशी डेकवर जाताना तेच डोक्यावर ठेवायचं. घालायचं नाही, ठेवायचं. मी ओएस (डेकवरचा सगळ्यात खालचा खलाशी) म्हणून लागलो, मग एबी (अनुभवी खलाशी) झालो आणि आता बोसन (डेकवरच्या खलाशांचा प्रमुख) आहे, आणि इतक्या वर्षांत मला हेल्मेट नसणाऱ्या माणसापेक्षा हेल्मेट नुसतं ठेवणाऱ्या माणसाची जास्त काळजी वाटते, कारण नसणाऱ्याला कोणीतरी ओरडतं, ठेवणाऱ्याकडे कुणाचं लक्षच जात नाही.

एक प्रसंग सांगतो. फोक्सलवर (जहाजाच्या पुढच्या टोकावर) मूरिंग (जहाज दोरांनी धक्क्याला बांधणं) चालू होतं, वारा जोरात, हेड लाइन (पुढचा दोर) किनाऱ्यावरच्या बोलार्डला (दोर अडकवायच्या खुंट्याला) लागलेली आणि विंचने (दोर ओढणाऱ्या यंत्राने) ताण घ्यायला सुरुवात केलेली. रेलिंगपाशी कॅडेट उभा होता, नवीन पोरगा, कामाला चांगला. तो खाली बघायला वाकला आणि हेल्मेट वाऱ्याने उडालं, कारण चिन स्ट्रॅप (हनुवटीचा पट्टा) आतमध्ये दुमडून ठेवलेला. हेल्मेट गडगडत फेअरलीडच्या (दोर जहाजाबाहेर जातो त्या तोंडाच्या) दिशेने गेलं आणि हा त्याच्यामागे दोन पावलं धावला, सरळ ताणलेल्या दोराच्या रेषेत. मी मागून त्याचा बॉयलर सूट धरून ओढला. दोर तुटला नाही, कुणाला काही झालं नाही, कुठल्याही रिपोर्टमध्ये ते आलं नसतं जर आम्ही निअर मिस (थोडक्यात टळलेला अपघात) म्हणून लिहिलं नसतं. पण तुटलेला नायलॉनचा दोर परत कसा येतो हे ज्यांनी पाहिलंय त्यांना कळेल मला काय वाटलं असेल. ज्या वस्तूने त्याचं डोकं वाचवायचं तीच वस्तू त्याला मरणाच्या जागी घेऊन चालली होती, फक्त एक पट्टा लावला नाही म्हणून.

म्हणून हे सविस्तर लिहितोय, नवीन पोरांसाठी आणि त्यांच्यावर काम सोपवणाऱ्यांसाठी पण.

आधी हेल्मेट काम कसं करतं ते बघा. बहुतेकांना वाटतं की वरचं प्लास्टिक कडक आहे म्हणून डोकं वाचतं. प्लास्टिक टोकदार वस्तू आत घुसू देत नाही आणि मार पसरवतं, पण धक्का खाणारी गोष्ट म्हणजे आतल्या पट्ट्या आणि पट्ट्या व शेल (वरचं प्लास्टिकचं कवच) यांच्यामधली मोकळी जागा. वरून काही पडलं की पट्ट्या ताणल्या जातात, शेल थोडं खाली येतं, आणि त्या दोन-तीन सेंटिमीटरमध्ये धक्का खर्च होतो. ईएन ३९७ या स्टँडर्डमध्ये ही मोकळी जागा किमान २५ मिलिमीटर लागते. आता त्या जागेत जर तुम्ही ग्लोव्ह्ज कोंबले, इअरप्लगची डबी ठेवली, घाम पुसायचं फडकं घडी करून ठेवलं (हे मी सगळ्यात जास्त पाहिलंय), तर धक्का थेट त्या वस्तूतून कवटीत जाणार. हेल्मेट ही खिशाची जागा नाही, त्यात डोक्याशिवाय काहीही ठेवायचं नाही.

दुसरी गोष्ट, हेल्मेट किती मार सहन करतं. ईएन ३९७ च्या टेस्टमध्ये ५ किलोचं वजन १ मीटरवरून हेल्मेटच्या माथ्यावर सोडतात आणि खाली डोक्याच्या साच्यापर्यंत पोचणारा जोर ५ किलोन्यूटनच्या आत राहायला हवा. पडणाऱ्या वस्तूच्या धक्क्याचा हिशोब सोपा आहे, किलोमधलं वजन गुणिले मीटरमधली उंची, ५ गुणिले १ म्हणजे ५. आता अर्ध्या किलोचं शॅकल (जोडणीची लोखंडी कडी) १० मीटरवरून पडलं तर अर्धा गुणिले १०, परत ५. पाव किलोचा बोल्ट क्रेनच्या जिबवरून (लांब हातावरून) २० मीटरवरून पडला, परत ५. म्हणजे हातात अगदी किरकोळ वाटणारी वस्तू उंचीवरून आली की हेल्मेट आपल्या टेस्टच्या हद्दीला पोचलेलं असतं. आणि कंटेनर जहाजावरचा ट्विस्टलॉक (कंटेनर एकमेकांना अडकवणारं लोखंडी कुलूप) पाच-सहा किलोचा असतो, दोन कंटेनरच्या उंचीवरून, म्हणजे ५ मीटरच्या वरून तो पडला तर २५-३० होतात, टेस्टच्या पाच-सहा पट. त्याच्यासमोर कुठलंही हेल्मेट टिकेल असं धरून चालू नका. लोडखाली, जिबखाली, लॅशिंग (कंटेनर बांधायचं काम) चालू असलेल्या बेच्या (कंटेनरच्या रांगेच्या) खाली उभं राहायचं नाही म्हणजे नाही, हेल्मेट आहे म्हणून उभं राहिलात तर हेल्मेटने तुम्हाला फसवलं नाही, तुम्ही त्याच्याकडून नको ते मागितलं. टूलबॉक्स मीटिंगमध्ये पोरांना हा गुणाकार मी दर वेळी करायला लावतो, स्वतः आकडा काढला की लक्षात राहतो.

अजून एक, ही टेस्ट माथ्यावरची आहे. पण जहाजावर डोक्याला मार नेहमी वरूनच बसतो असं कुठे आहे. जहाज रोल करतं आणि माणूस आडवा जाऊन बल्कहेडवर (जहाजातल्या भिंतीवर) आपटतो, शिडीवरून पाय घसरला की मागचं डोकं कोमिंगवर (हॅचच्या उंच कडेवर) जातं, इंजिन रूममध्ये चालताना व्हॉल्व्हचं व्हील कपाळावर बसतं. म्हणून कुठलं हेल्मेट हे कामावर ठरतं.

हेल्मेट उलटं करून आत बघा, शेलमध्ये स्टँडर्ड छापलेलं असतं. ईएन ३९७ म्हणजे युरोपातलं औद्योगिक हेल्मेट, एएनएसआय झेड८९.१ म्हणजे अमेरिकेतलं, आयएस २९२५ म्हणजे भारतातलं. अमेरिकेतल्या स्टँडर्डमध्ये टाइप १ म्हणजे माथ्यावरच्या मारासाठी आणि टाइप २ म्हणजे बाजूच्या मारासाठी पण, आणि त्याबरोबर विजेचे क्लास असतात, क्लास ई २०,००० व्होल्टला टेस्ट केलेलं, क्लास जी २,२०० व्होल्टला आणि क्लास सी विजेसाठी अजिबात नाही. वरती हवेची भोकं असलेलं हेल्मेट घालून इलेक्ट्रिकल अधिकाऱ्याने स्विचबोर्डवर जाऊ नये, ते भोकवालं हेल्मेट गरमीत कितीही छान वाटलं तरी. ईएन ३९७ वाल्यावर काही जास्तीचे शिक्के पण दिसतील, म्हणजे उणे ३० डिग्री, ४४० व्होल्ट, एलडी. एलडी म्हणजे बाजूने दाबलं तर किती दबतं याची टेस्ट झालेली आहे. थंड पाण्यात जाणाऱ्या जहाजावर उणे तापमानाचा शिक्का बघून घ्याच, कडाक्याच्या थंडीत साधं प्लास्टिक ठिसूळ होतं.

बंप कॅप वेगळी. बेसबॉल कॅपसारखी दिसते, आत प्लास्टिकची वाटी असते, तिचं स्टँडर्ड ईएन ८१२. ती फक्त तुमचं डोकं स्वतःहून कशाला तरी आपटलं तर थोडं वाचवते, वरून पडणाऱ्या वस्तूसाठी ती नाहीच. इंजिन रूममध्ये पाईपांच्या जंगलात काही जण ती वापरतात आणि जिथे वर ग्रेटिंगवर कोणी काम करत नाही तिथे ठीक आहे, पण इंजिन रूममध्ये वरच्या ग्रेटिंगवर कधी कोण स्पॅनर घेऊन येईल काय सांगता, ग्रेटिंगच्या भोकातून नट सहज खाली येतो. ओव्हरहॉल चालू असेल, हेड उचलणार असतील, क्रेन फिरणार असेल तर बंप कॅप काढून पूर्ण हेल्मेट. माझं मत विचाराल तर डेकवर बंप कॅप आणूच नये, लांबून हेल्मेटसारखी वाटते आणि चूक होते.

तिसरा प्रकार गिर्यारोहणाच्या धर्तीवरचा, ईएन १२४९२, बिनकडांचा, जाड पट्टे कानापुढे आणि कानामागे येऊन हनुवटीखाली जुळणारे. इथे एक बारीक फरक आहे तो समजून घ्या. साध्या ईएन ३९७ हेल्मेटच्या चिन स्ट्रॅपला मुद्दाम कमजोर केलेलं असतं, १५० ते २५० न्यूटन म्हणजे साधारण १५ ते २५ किलोचा ताण आला की तो सुटायला हवा, कारण हेल्मेट कुठे अडकलं तर गळफास बसू नये. ईएन १२४९२ चा पट्टा उलट ५०० न्यूटन म्हणजे ५० किलोच्या आसपास ताण धरून ठेवतो, कारण उंचावरून पडताना पहिल्याच आपटीत हेल्मेट निघून गेलं तर पुढच्या आपटीला डोकं उघडं. म्हणून मास्टवर, क्रेनवर, बोसन चेअरमध्ये (दोराला टांगलेल्या बसायच्या फळीवर), होल्डच्या (माल ठेवायच्या खोल कप्प्याच्या) लांब शिडीवर मजबूत पट्टा बरा, आणि जिथे उंचीवरून पडायचा धोका नाही पण फिरत्या, ओढणाऱ्या गोष्टीत हेल्मेट अडकू शकतं तिथे सुटणारा पट्टा बरा. काही नवीन हेल्मेटमध्ये दोन्ही स्टँडर्डची सोय असते, बकल बदलून, पण मग कुठल्या वेळी काय लावलंय हे घालणाऱ्याला माहीत पाहिजे.

आता घालायचं कसं. हे वाचताना हेल्मेट हातात घेऊन करा, पाच मिनिटं लागतील.

मागचं रॅचेट (घट्ट-सैल करायची चकती) पूर्ण सैल करा. आतल्या पट्ट्यांचे क्लिप शेलच्या खाचांमध्ये टक् आवाज होईपर्यंत बसलेत का ते एकेक करून दाबून बघा, चार असोत की सहा, एक जरी अर्धवट असला तरी धक्क्याला पूर्ण हार्नेस (आतल्या पट्ट्यांचा सांगाडा) निसटतो. मग डोक्यावर सरळ घ्या, पुढची पट्टी कपाळावर, भुवयांच्या दोन बोटं वर. मागे ढकललेलं नको, कपाळ उघडं ठेवून स्टाईलमध्ये घातलेलं हेल्मेट पुढून आलेल्या पाईपला काहीच अडवत नाही. मागे कवटीच्या खालच्या उंचवट्याखाली रॅचेट बसायला हवं, त्याच्यावर बसलं तर हेल्मेट वर सरकत राहणार, बहुतेक हेल्मेटमध्ये मागची पट्टी वरखाली करता येते पण ती कुणी करत नाही. रॅचेट हळूहळू घट्ट करा, डोकं दुखेल इतकं नाही. आता पट्टा न लावता कमरेत वाका, पायाकडे बघा. हेल्मेट पडलं तर फिटिंग चुकलंय, परत करा. नाही पडलं तर डोकं डावी-उजवीकडे हलवा, हेल्मेट डोक्याबरोबर फिरलं पाहिजे, डोकं आत आणि हेल्मेट जागेवर असं नको. आणि शेवटी चिन स्ट्रॅप, हनुवटीच्या टोकावर नाही, खाली गळ्याच्या बाजूला, पट्टा आणि कातडी यांच्यात एक बोट जाईल इतका. तोंड मोठं उघडून बघा, हेल्मेट थोडं खाली ओढलं गेलं पाहिजे, म्हणजे बरोबर.

पट्टा हेल्मेटच्या वर कडेवर टाकून फिरणारे खूप, आतमध्ये दुमडणारे त्याहून जास्त. विचारलं तर सांगतात घाम येतो, खाज सुटते. खरं आहे, येतो. पट्टा धुवा, दर आठवड्याला साबणाने धुतला तर खाज निम्मी कमी होते, मिठाने आणि घामाने कडक झालेला पट्टा टोचणारच. हनुवटीला मऊ कप असलेले पट्टे मिळतात, स्टोअर रिक्विझिशनमध्ये टाका, चीफ ऑफिसर नाही म्हणायचं कारण नाही.

साईज बसत नसेल तर गप्प बसू नका. एमएलसी २००६ (खलाशांच्या कामाबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार) यात २०२२ साली ज्या सुधारणा मंजूर झाल्या त्या २३ डिसेंबर २०२४ पासून लागू आहेत आणि त्यात कामगाराच्या मापाचं संरक्षण साहित्य द्यायला हवं असं स्पष्ट आलंय. लहान डोक्याच्या पोरांना आणि मुलींना आतापर्यंत रॅचेट शेवटपर्यंत आवळूनही डुगडुगणारं हेल्मेट मिळायचं आणि ते तसंच निभवायचे, आता तसं करायची गरज नाही. केस लांब असतील तर अंबाडा माथ्यावर बांधू नका, त्याने मोकळी जागा भरते आणि हेल्मेट उंच बसतं, मानेपाशी खाली बांधून बॉयलर सूटच्या आत घाला.

हेल्मेटखाली कॅप घालू नका, कडक कडेची कॅप तर मुळीच नाही. थंडीसाठी पातळ बालाक्लाव्हा किंवा त्याच कंपनीचं लायनर चालतं, पण ते घातल्यावर फिटिंग परत करायचं, उन्हाळ्याच्या मापावर हिवाळ्याचं लायनर घातलं की हेल्मेट डोक्यावर तरंगतं. जाड लोकरी टोपी नको. रेनकोटचा हूड हेल्मेटखालून घेतला की पट्टा नीट लागत नाही आणि बाजूचं दिसत नाही. उलटं, म्हणजे कड मागे करून घालायचं असेल तर हेल्मेटवर तशी परवानगी देणारी खूण हवी, दोन गोल फिरणारे बाण असतात, ते नसतील तर सरळच घाला. आणि टॉर्चसाठी शेलला भोक पाडणारा फिटर मी पाहिलाय, अतिशय कष्टाळू माणूस, त्याला फक्त माहीत नव्हतं की भोकापासून तडा सुरू होतो. क्लिप लावायच्या खाचा कंपनीने दिलेल्या असतात, त्याच वापरा. इअरमफ पण त्या खाचांना लागणारेच घ्या, हेडबँडवाले वरून चढवले की हेल्मेट कलतं.

कामागणिक काही गोष्टी सांगतो.

मूरिंगचं वर सांगितलंच. तिथे अजून एक, हेल्मेट डोक्यावरून पडलं, समुद्रात गेलं, जाऊ द्या. मागे जायचं नाही, वाकून पकडायचं नाही. स्टेशन सुरू व्हायच्या आधी मी प्रत्येकाचा पट्टा हाताने ओढून बघतो, आणि माझा त्यांच्यातला एक जण ओढून बघतो. हीव्हिंग लाइन (फेकायची पातळ दोरी) येताना वर बघायचा मोह होतो, मंकी फिस्ट (तिच्या टोकाची जड गाठ) तोंडावर येते, त्या वेळी मान खाली आणि हेल्मेटची कड पुढे.

टँक, व्हॉइड स्पेस (जहाजातली रिकामी बंद पोकळी), डक्ट कील (तळातला लांब बोगदा). बंद जागेत शिरायचे नियम वेगळे आहेत, परमिट, हवा तपासणी, दाराशी माणूस, ते सगळं झाल्याशिवाय हेल्मेटचा विषयच येत नाही. पण ते झाल्यावर लोक मॅनहोलपाशी हेल्मेट काढतात, कारण ६०० बाय ६०० मिलिमीटरच्या भोकातून खांदे, टॉर्च, गॅस मीटर सगळं घेऊन उतरताना हेल्मेट कडेला अडकतं. काढतात, वर ठेवतात आणि तसेच खाली जातात. आत अंधार, स्टिफनर (पत्र्याला मजबुती देणाऱ्या लोखंडी पट्ट्या) डोक्याच्या उंचीवर, पायाखाली चिखल, आणि डोकं उघडं. बिनकडांचं हेल्मेट असेल तर काढावं लागत नाही, टँकच्या कामासाठी मी तेच मागवतो. शिडीवर एका वेळी एकच माणूस, खालचा बाजूला होईपर्यंत वरच्याने पाय ठेवायचा नाही, हत्यारं हातात किंवा खिशात नाहीत, दोरीने पिशवीत सोडायची आणि सोडताना खाली कोणी नको. १० मीटर खोल होल्डमध्ये वरून निसटलेला अर्ध्या किलोचा स्पॅनर म्हणजे काय ते वरच्या गुणाकारात आलंय. टॉर्च आणि वॉकीटॉकी पण लॅनयार्डने बांधलेले हवेत, माणसं स्पॅनर बांधतात आणि वॉकीटॉकी विसरतात.

उंचावर काम करताना वर असणाऱ्याचं हेल्मेट जितकं महत्त्वाचं तितकंच खाली दोरखंड लावून जागा बंद करणं. लाइफबोट आणि रेस्क्यू बोटच्या ड्रिलला बोटीत बसल्यावरही हेल्मेट काढायचं नाही, हुक लागताना बोट हेलकावते आणि हुकचा ब्लॉक बरोबर डोक्याच्या उंचीवर झुलत असतो. पायलट लॅडरपाशी हेल्मेट आणि लाइफजॅकेट दोन्ही. हेलिकॉप्टर येणार असेल तर पट्टा घट्ट लावलेलं हेल्मेट नाहीतर काहीच नाही, सैल हेल्मेट हवेने उडून रोटरमध्ये गेलं तर काय होईल सांगायला नको.

बल्क कॅरिअरवर (सुटा माल नेणाऱ्या जहाजावर) कार्गो चालू असताना लोकांना ग्रॅब (क्रेनचा माल उचलणारा पंजा) दिसतो, ग्रॅबमधून सांडणारे गोटे दिसत नाहीत. हॅच कोमिंगला टेकून होल्डमध्ये डोकावू नका. ग्रॅब जात असलेल्या बाजूने चालूच नका, समुद्राकडच्या बाजूने जा, थोडं लांब पडलं तरी.

आता देखभाल. हेल्मेटच्या आत एक छोटं घड्याळासारखं चिन्ह असतं, गोलात महिन्यांचे आकडे, मध्ये वर्ष आणि बाण. बाण ज्या महिन्याकडे तो महिना बनवलेला. किती वर्षं वापरायचं हे कंपनीच्या कागदात असतं, मॉडेलप्रमाणे बदलतं, तो कागद फेकू नका. आतला हार्नेस शेलच्या आधी संपतो, घामाने आणि मिठाने, तो वेगळा बदलता येतो. पण समुद्रावरचं ऊन आणि पाण्यावरून परत येणारी चमक मिळून प्लास्टिक लवकर म्हातारं होतं, त्यामुळे तारीख बाकी असली तरी डोळ्यांनी बघा. चकाकी गेली, रंग फिका पडला, बोट फिरवलं की खडूसारखी पावडर येते, बारीक केसासारख्या रेषा, विशेषतः हार्नेसच्या खाचांभोवती, यातलं काहीही दिसलं तर बदला. दोन्ही बाजूंनी तळव्याने इंचभर दाबून सोडा, लगेच मूळ आकारात यायला हवं आणि करकर आवाज यायला नको.

एका जहाजावर जॉईन झाल्यावर मी गँगवेपाशी (जहाजावर चढायच्या शिडीपाशी) ठेवलेली पाहुण्यांची हेल्मेटं अशीच दाबून बघितली. वरून व्यवस्थित दिसत होती, कुणीतरी त्यांना स्प्रे पेंट मारून नवीन केलं होतं, छान पांढरी. पहिलंच दाबलं आणि आतून सुकलेली काटकी मोडल्यासारखा आवाज आला, खाचेपासून वरपर्यंत तडा, पेंटच्या खाली लपलेला. दुसऱ्यात हार्नेसचे दोन क्लिप नव्हते, सुतळीने बांधलेलं. ही हेल्मेटं आपण सर्व्हेअरला देतो, एजंटला देतो, पायलटसोबत आलेल्या ट्रेनीला देतो, ज्यांना आपलं जहाज माहीत नाही, कुठे डोकं वाकवायचं माहीत नाही. मला खूप वाईट वाटलं त्या दिवशी. आता नवीन जहाजावर गेलो की पहिल्या दिवशी गँगवेचीच हेल्मेटं बघतो.

पेंट, थिनर, डिझेल, केमिकलने पुसणं, गोंदाचे स्टिकर, यातलं काही प्लास्टिकला लागलं की ते आतून कमजोर होतं आणि वरून कळत नाही. नाव लिहायचं असेल तर कंपनीने चालतं सांगितलेलं लेबल वापरा. धुवायला कोमट पाणी आणि साधा साबण, मग गोड्या पाण्याने खळखळून, आणि सावलीत वाळवायचं. ब्रिज विंगवर उन्हात नाही, स्टीम पाईपवर नाही, फनेल केसिंगला टेकवून नाही. कपाळाची पट्टी काढून वेगळी धुता येते, दोन ठेवा, एक वाळत असताना दुसरी. दुसऱ्याचं घामाचं हेल्मेट घालायची वेळ येऊ देऊ नका, कपाळावर पुरळ आलं की माणूस हेल्मेट टाळायला लागतो, आणि एकदा टाळायची सवय लागली की परत लावणं अवघड.

गरमीबद्दल प्रामाणिकपणे बोलतो. विषुववृत्ताजवळ दुपारी स्टीलच्या डेकवर हेल्मेट घालून चिपिंग करणं सोपं नाही, आणि पोरगा दहा मिनिटं हेल्मेट काढून बसला तर त्याला रागवण्याआधी विचार करा त्याला सावलीत विश्रांती दिली होती का. कामाच्या जागी हेल्मेट काढायचं नाही हे ठाम, पण ते पाळलं जावं असं वाटत असेल तर दर तासाला सावलीत जागा, पाणी, आणि मानेवर ओलं कापड ही आपली जबाबदारी. जड काम सकाळी लवकर घ्या.

हेल्मेटला एकदा जोराचा मार बसला की ते संपलं. वरून ओरखडा पण नसेल तरी संपलं, आतल्या पट्ट्या ताणल्या गेलेल्या असतात. "काही नाही झालं, चालेल अजून" हे नको. उंचावरून डेकवर पडलेल्या हेल्मेटचंही तेच.

आणि त्या माणसाचं काय. हेल्मेट होतं म्हणून सगळं ठीक आहे असं धरू नका. बेशुद्ध असेल किंवा मान दुखत असेल तर मान हलवू नका, हेल्मेट घाईने ओढून काढू नका, श्वास नीट चालू आहे ते बघा. शुद्धीत असेल तर नाव, तारीख, जहाज कुठे आहे विचारा. उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, झोप येत राहणं, गोंधळल्यासारखं बोलणं, दोन डोळ्यांच्या बाहुल्या कमी-जास्त, नाका-कानातून रक्त किंवा पाण्यासारखं काही येणं, फिट येणं, यातलं एकही दिसलं तर कॅप्टनला सांगून लगेच रेडिओ मेडिकल सल्ला घ्या. रोममधलं सीआयआरएम (जहाजांना वैद्यकीय सल्ला देणारं केंद्र) १९३५ पासून कुठल्याही देशाच्या जहाजाला मोफत सल्ला देतंय, अजून इतरही केंद्रं आहेत, त्यांचे नंबर ब्रिजवर असतात. ही लक्षणं कधीकधी काही तासांनी येतात, त्यामुळे "जा केबिनमध्ये आराम कर" म्हणून त्याला एकटं पाठवू नका. निदान २४ तास कुणीतरी जवळ पाहिजे, आणि वॉचवर घ्यायचं नाही, तो कितीही म्हणाला मी बरा आहे.

शेवटी बाद हेल्मेटचं. ते तसंच स्टोअरच्या कोपऱ्यात ठेवलं तर सहा महिन्यांनी कुणीतरी धुवून परत डोक्यावर घेणार, हे नक्की. मी हार्नेस कात्रीने कापतो, चिन स्ट्रॅप कापतो, शेलचे करवतीने दोन तुकडे करतो, रजिस्टरमध्ये नोंद करतो आणि त्याच दिवशी रिक्विझिशनमध्ये नवीन लिहून टाकतो, हार्नेस आणि कपाळपट्ट्यांसकट. तुकडे प्लास्टिकच्या कचऱ्यात, गार्बेज रेकॉर्ड बुकप्रमाणे बंदरात उतरवायला. मारपोल म्हणजे जहाजांच्या प्रदूषणाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या अ‍ॅनेक्स ५ प्रमाणे प्लास्टिक समुद्रात टाकायला बंदी आहे, एक तुकडा पण नाही.